क्षिप्रेचं पाणी कुठून येतं?

उज्जैनच्या सांदीपनी आश्रमात लेकीला गोष्ट सांगितली: कृष्ण-सुदामा गुरूंसाठी सरपण आणायला रानात गेले आणि पावसात अडकले. तोही अभ्यासच होता!

रामघाटावर तिने विचारलं, "बाबा, हे पाणी कुठून येतं?"

मी इंजिनिअर. लगेच सांगितलं, "२०१४ पासून नर्मदेचं पाणी पंपाने उचलून क्षिप्रेत सोडतात."

"मग क्षिप्रेचं पाणी कुठे गेलं?"

पुढच्या रविवारी तिला शेतात नेलं. माळव्याची काळी माती तिच्या हातात दिली. पाऊस इथे मुरतो, उन्हाळ्यात नदी त्यावरच वाहते. आपण मात्र मुरण्यापेक्षा जास्त उपसतो.

ती म्हणाली, "मग आपल्या गच्चीचं पाणी गटारात का?"

या पावसाळ्यात ते अंगणातल्या शोषखड्ड्यात जाईल. खड्डा आम्ही दोघं खणतोय. तुमच्याकडे?