औषध पौडला मिळतं का?

मुळशी तालुक्यातल्या भरे गावात ताप आला तर कुठं जायचं, हे शाळकरी पोरही सांगेल. पिरंगुटला दवाखाने आहेत, पौडला ग्रामीण रुग्णालय आहे. पण घरातली सून महिनाभर धड झोपलेली नाही, किंवा धाकट्याला नसलेले आवाज ऐकू येताहेत, अशा वेळी? आधी देवऋषी, मग पै-पाहुण्यांचे सल्ले आणि अगदीच हाताबाहेर गेलं की शहर ओलांडून थेट येरवडा, ही खेड्यापाड्यांतली नेहमीची वाट.

येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय २५४० खाटांचं आहे. नैराश्याच्या किंवा चिंतेच्या बहुतेक रुग्णांना मात्र खाट लागतच नाही. त्यांना हवं असतं घराजवळ ऐकून घेणारं माणूस, आणि गरज असेल तर खंड न पडता मिळणारं औषध. निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत अशा नेहमी आढळणाऱ्या मानसिक आजारांच्या दर १०० रुग्णांपैकी सुमारे ८५ जण उपचाराविना असल्याचं दिसलं.

मग सेवा सुधारली हे ओळखायचं कसं? किती शिबिरं घेतली, किती पत्रकं वाटली हे मोजणं सोपं असतं. ज्यांना गरज होती त्यांतले किती जण उपचारापर्यंत पोहोचले, हे मोजायला कष्ट पडतात. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने तेच केलं. डॉ. राहुल शिधये, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावपातळीवरचे आरोग्य कार्यकर्ते तयार केले. त्यांच्या पाठीशी प्रशिक्षित समुपदेशक होते आणि अवघड रुग्णांसाठी मनोविकारतज्ज्ञ. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. गावांतलं नैराश्याचं प्रमाणही १४.६ वरून ११.३ टक्क्यांवर आलं. २०१७ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त प्रसिद्ध झाले. प्रकल्प नसलेल्या गावांशी तुलना त्यात नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या ‘विश्राम’ला देता येणार नाही. तरीही उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण सहापट झालं, ही गोष्ट लहान नाही.

नैराश्य ओळखायला नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत कामात मन लागलं का, झोप कशी होती, भूक लागत होती का, असं विचारत विचारत शेवटी मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असं वाटलं होतं का, इथवर यायचं. ओसरीवर बसून हा शेवटचा प्रश्न विचारायला धीर लागतो. तो विचारल्याने नसलेला विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे, आणि प्रत्येक आशाताईला ते ठामपणे सांगायला हवं.

कायदा रुग्णाच्या बाजूने आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये मंजूर झाला आणि पुढच्या वर्षी लागू झाला. सरकारी सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या प्रत्येक ठिकाणी अत्यावश्यक यादीतली मानसिक आजारांची औषधं कायम आणि मोफत मिळाली पाहिजेत, असं तो सांगतो. पौडसारखं ग्रामीण रुग्णालय याच पायरीवर येतं. रात्री-अपरात्री बोलायला टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक २०२२ पासून आहे. त्यावर मराठीतही बोलता येतं.

हे सगळं तपासायची रीत पुणे जिल्ह्याला नवी नाही. २००७ पासून राज्यात आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत पुणे होता. गावकरी आरोग्य केंद्राचं प्रगतिपत्रक भरायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांना समोरासमोर जाब विचारायचे. भऱ्यासारख्या गावातल्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला तीच पद्धत मानसिक आरोग्यासाठी वापरता येईल. प्रश्न साधे आहेत. मनोविकारतज्ज्ञांचा पौडला येण्याचा दिवस ठरलेला आहे का, आणि ते त्या दिवशी आले का? गेल्या तीन महिन्यांत कोणती गोळी किती दिवस संपलेली होती? उपचार सुरू झालेल्यांपैकी मध्येच कितीजण थांबले, आणि त्यांची चौकशी करायला घरी कुणी गेलं का?