टॅली येतं, पण हिशोब येतो का?

मागच्या महिन्यात आपण गटाच्या दफ्तरावर बोललो, त्यानंतर पोलादपूरकडच्या एका वाडीतून एका ताईंचा फोन आला. त्यांची मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मामा म्हणतो, तीन महिन्यांचा टॅलीचा कोर्स कर, महाडच्या एमआयडीसीत कुठंही चिकटशील. मुलीच्या मैत्रिणी सी.ए., सी.ए. करतात. ताई म्हणाल्या, "मला यातलं काही कळत नाही. तुम्हीच सांगा, हिशोबाचं काम म्हणजे मुलीला नक्की काय करायला लागतं? आणि त्यात पोट भरतं का?"

आम्ही त्यांना लगेच उत्तर दिलं नाही. आमच्या गावांतल्या ज्या मुली वसाहतीत अकाउंट्सला कामाला जातात त्यांच्याशी बोललो, दोन कर सल्लागारांकडे बसून आलो, आणि मग आजचं हे भाषण तयार केलं.

बिरवाडी, आसनपोई, जितेच्या बाजूनं जाताना आपल्याला बाहेरून चिमण्या, टाक्या आणि टँकरची रांग दिसते. आत एक खोली अशी असते जिथं वास नसतो, आवाज नसतो, पण कारखान्यात जे जे घडतं ते सगळं कागद होऊन तिथं येतं. एक टँकर घ्या. रसायन भरून तो गेटवर आला. गेटवाल्यानं नोंद केली. वजनकाट्यावर भरलेलं वजन झालं, माल रिकामा झाल्यावर रिकाम्या गाडीचं वजन झालं. दोन्हींतला फरक म्हणजे खरा माल. आता विकणाऱ्याच्या बिलावर आहे 18 टन 200 किलो आणि आपल्या काट्याची पावती सांगते 17 टन 960. म्हणजे 240 किलो कमी. किलोला 40 रुपये भाव धरला तर 9,600 रुपये झाले. हा फरक कोणी पकडायचा? बिल, चलन, काट्याची पावती आणि स्टोअरची आवक नोंद समोर ठेवून बसलेल्या त्या मुलीनं. तिनं नुसतं बिल बघून आकडा टाइप केला तर पैसे गेले. कोणाला कळणारसुद्धा नाही.

हे काम रोजचं. त्याशिवाय महिन्याच्या तारखा असतात, आणि त्या तारखा घरच्यांनीही पाठ कराव्यात असं आमचं मत आहे. 7 तारखेपर्यंत टी.डी.एस., म्हणजे लोकांचे पैसे देताना कापून घेतलेला आयकर, सरकारात भरायचा. 11 ला जी.एस.टी.चं विक्रीचं विवरण. 15 ला कामगारांचा पी.एफ. आणि ई.एस.आय. 20 ला जी.एस.टी.चं दुसरं विवरण, करासकट. 1 जुलै 2017 ला जी.एस.टी. आला, आणि त्याच्यामुळे आणखी एक गाठ बसली आहे: विकणाऱ्यानं आपलं बिल पोर्टलवर चढवलं नाही, तर घेणाऱ्याला त्या बिलावर दिलेल्या कराची वजावट मिळत नाही. म्हणून या मुली दहा तारखेला दहा ठिकाणी फोन करून "साहेब, आमचं बिल चढवा" अशा विनवण्या करत असतात. मार्चएण्डला आणि ऑडिटच्या दिवसांत संध्याकाळी सहाला सुटका होत नाही. पावसाळ्यात शेवटची एसटी चुकली तर पोलादपूरच्या पुढच्या वाडीत पोचायचं कसं, हा प्रश्न पगाराएवढाच मोठा आहे. मुलाखतीलाच विचारायचा: उशीर झाला तर गाडी सोडणार का? लाजायचं नाही.

आता ज्या कामाचा आपल्या घराशी थेट संबंध आहे, त्याबद्दल. त्याला टाइम ऑफिस म्हणतात. हजेरी, ओव्हरटाइम, पगारपत्रक. आपल्यापैकी कित्येकींचे नवरे, मुलगे, दीर कंत्राटदारामार्फत वसाहतीत जातात. समजा पी.एफ.साठी धरायचा पगार 12,000 आहे. त्यातले 12 टक्के, म्हणजे 1,440 रुपये कामगाराचे कापले जातात आणि तेवढेच मालकाकडून यायला हवेत. ई.एस.आय.चे कामगाराकडून पाऊण टक्का, म्हणजे 90 रुपये, आणि मालकाकडून सव्वातीन टक्के, म्हणजे 390. हे 390 रुपये वाचवायला कोणी कामगाराचं नाव चार महिने यादीतच घेतलं नाही, तर वरून काहीच दिसत नाही. पगार हातात येतो, घर चालतं.

नोव्हेंबर 2023 मध्ये आपल्या वसाहतीत औषधाच्या एका कारखान्यात स्फोट होऊन आग लागली, माणसं गेली. तो दिवस इथं कोणी विसरलेलं नाही. अशा वेळी गेटबाहेर जमलेल्या बायका पहिला प्रश्न विचारतात तो हाच, की आत कोण कोण होतं? कुठल्याही कारखान्यात त्याचं उत्तर गेटच्या वहीत आणि हजेरीपटात असतं. कामावर अपघातात माणूस गेला तर ई.एस.आय.मधून त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांना दरमहा पेन्शन मिळते, आणि ती मिळवताना पहिली विचारणा होते ती नोंदीची. आम्ही हे घाबरवायला सांगत नाही. पण हिशोबाचं काम म्हणजे पंख्याखाली बसून करायचं हलकं काम, मुलींना बरं, असं आपल्याकडे जे बोलतात ना, ते आम्हाला पटत नाही. (आणि हो, आज घरी गेल्यावर घरातल्या माणसाच्या मोबाइलवर त्याचं पी.एफ.चं पासबुक उघडून बघा. दरमहा भरणा दिसतोय का?)

आता मामाच्या टॅलीकडे येऊ. टॅली वाईट नाही. आपल्याच देशात, बेंगळुरूत तयार झालेलं ते सॉफ्टवेअर आहे आणि महाडच्या बाजारपेठेतल्या दुकानापासून वसाहतीतल्या कंपनीपर्यंत बरेच जण ते वापरतात. ते यायलाच हवं. पण आम्ही भेटलो त्या मुलींमध्ये दोन तऱ्हा स्पष्ट दिसल्या. एक, ज्यांना कुठलं बटण दाबायचं ते येतं. दुसऱ्या, ज्यांना ही नोंद इथंच का, ते येतं. पहिल्या तऱ्हेची एक मुलगी पाच वर्षं खरेदीची बिलंच चढवते आहे, पगार जवळजवळ तिथंच. आणि आता बिलाचा फोटो वाचून नोंद करणारी यंत्रं आली आहेत. नुसत्या टायपिंगवर आयुष्य काढायचे दिवस फार उरले नाहीत.

हे "का" म्हणजे काय, ते आपल्या गटाच्या वहीवरून सांगतो. आपण बारा जणी आहोत. दर महिन्याला शंभर रुपये बचत. वर्षाचे झाले 14,400. वर्षभरात अंतर्गत कर्जावर व्याज आलं 2,150. वर्षाच्या शेवटी कोणीतरी आनंदानं म्हणते, "बायांनो, गटानं यंदा साडेसोळा हजार कमावले!" कमावले का? कमावले फक्त 2,150. ते 14,400 आपलेच आहेत, गटाकडे ठेवायला दिलेले. गटाच्या बाजूनं पाहिलं तर ते देणं आहे. एखादी मुंबईला मुलाकडे राहायला गेली आणि आपले 1,200 परत मागू लागली, की हे सगळ्यांना एकदम समजतं. बचत जमेच्या खात्यात गेली, पण उत्पन्न झाली नाही. कंपनीनं बँकेचं कर्ज घेतलं तरी तेच. पैसा आला म्हणजे नफा झाला नाही. बी.कॉम. झालेल्या मुलीला हे विचारून बघा. अडखळली तर तीन महिन्यांच्या कोर्सनं काम भागणार नाही, आणि आपल्या गटाची लिपिका न अडखळता सांगू शकली, तर तिला कमी समजू नका.

दुसरी गोष्ट महापुरानं शिकवली. 2021 च्या 22 जुलैला महाड पाण्यात होतं. दुकानांची खातेवह्या, संगणक, बिलं सगळं चिखलात गेलं. आमच्या ओळखीच्या एका गटाचं दफ्तर लोखंडी पेटीत होतं, पेटीत पाणी शिरलं आणि शाई उतरून गेली. पण प्रत्येकीच्या घरी तिचं वैयक्तिक पासबुक होतं, ते काहींचं पोटमाळ्यावर वाचलं. बँकेतून खात्याचा उतारा काढला. पासबुकं आणि उतारा जुळवून सगळी वही पुन्हा उभी केली. दोन महिने लागले. ज्यांची पासबुकं गेली त्यांचं काम अडलं, वाद झाले, एक जण अजून नीट बोलत नाही. पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र, नियमित लेखे, आपण घाईत उरकतो, ते याचसाठी असतं. एकच गोष्ट दोन ठिकाणी, दोन हातांनी लिहिलेली असली पाहिजे. वसाहतीत टाइम ऑफिस वेगळं आणि पैसे देणारा वेगळा ठेवतात, तेही याच कारणानं.

आता मुलीनं काय शिकावं? महाडच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालयात किंवा पोलादपूरच्या सुंदरराव मोरे महाविद्यालयात कॉमर्स होतं. घर सोडता येत नसेल, लग्न झालं असेल, तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घरी अभ्यास करून बी.कॉम. करता येतं. त्याच्या पुढं सी.ए.चं नाव सगळ्यांना माहीत आहे. बारावीनंतर फाउंडेशनची परीक्षा देता येते. किंवा बी.कॉम.ला किमान 55 टक्के असतील तर फाउंडेशन सोडून थेट इंटरमीजिएटला नाव नोंदवता येतं. इंटरमीजिएटचे दोन्ही ग्रुप सुटले की एखाद्या सी.ए.च्या हाताखाली आर्टिकलशिप. ती पूर्वी तीन वर्षांची होती, आता दोन. त्यानंतर फायनल. निकाल कडक लागतो आणि हुशार मुलींनाही दोन-तीनदा बसावं लागतं. आर्टिकलशिपचं मानधन थोडं असतं, मोठ्या शहरात राहायचं तर खोलीचं भाडं घरूनच जातं. हा खर्च आणि ही वर्षं घर सोसेल का, हे आधी बोलून घ्यावं. मुलगी दुसऱ्यांदा नापास झाली की "पुरे आता, स्थळं बघतो" असं म्हणायचं नसेल, तरच सुरुवात करावी.

कारखान्यांच्या जवळ राहणाऱ्यांनी कॉस्ट अकाउंटंट, म्हणजे सी.एम.ए.चाही विचार करावा, त्याचं नाव आपल्याकडे फारसं निघत नाही. एक किलो रसायन बनवायला कच्चा माल, वाफ, वीज, मजुरी किती लागली, हे काढणारं ते शास्त्र. त्याला कारखानाच पाहिजे, आणि कारखाने तर आपल्या दारात आहेत.

आणि एक परीक्षा खास आपल्या महाराष्ट्राची: जी.डी.सी. अँड ए. सहकार खातं घेतं. कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो, सहा पेपर असतात. पतसंस्था, सहकारी बँका, गृहनिर्माण संस्था, दूध संस्था यांच्या कामाला ती उपयोगी पडते, आणि पुढे अनुभवाची अट पूर्ण केली की सहकारी संस्थांचं ऑडिट करणाऱ्यांच्या सरकारी यादीत नाव जाऊ शकतं. घरून अभ्यास करून, लेकरं सांभाळून हा मार्ग धरता येतो. आम्हाला विचाराल तर आपल्या तालुक्यातल्या मुलींसाठी याच मार्गाकडे सर्वांत कमी लक्ष गेलं आहे.

हे क्षेत्र बायकांचं नाही असं कोणी म्हणालं तर सांगा, मद्रासच्या आर. शिवभोगम 1933 सालीच देशातल्या पहिल्या महिला लेखापाल झाल्या, आणि त्याआधी स्वातंत्र्याच्या चळवळीत वर्षभर वेल्लोरच्या तुरुंगात राहून आल्या होत्या. आणि पैशाचे व्यवहार म्हणजे शहरातल्यांचं काम, असं म्हणणाऱ्याला नाते गाव दाखवा. रायगडाच्या वाटेवरच्या, आपल्याच तालुक्यातल्या त्या गावी सी. डी. देशमुखांचा जन्म झाला. 1943 मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

एक कठीण गोष्ट सांगायची राहिली. आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी एका ठिकाणी कामाला होती. तिला एकदा मजुरीची काही व्हाउचर लिहायला सांगितली. नावं होती, पण ती माणसं कामाला आलीच नव्हती. तिनं साहेबांना विचारलं तर म्हणाले, तू फक्त लिही, सही मी करतो. पण नोंद तिच्या पासवर्डनं होणार होती, म्हणजे उद्या चौकशी झाली तर पहिलं नाव तिचं. तिनं नाही म्हटलं. पुढच्या महिन्यात तिला यायला नको सांगितलं. चार महिने ती घरी होती, आणि घरातल्यांनीही तिला बोल लावले, हे लपवून काय करायचं? आता ती एका कर सल्लागाराकडे आहे, पगार आधीपेक्षा थोडा कमी आहे. तिनं आम्हाला तीन गोष्टी सांगितल्या: नेमणुकीचं पत्र घ्यायचं, आपला पासवर्ड कोणाला द्यायचा नाही, आणि दुसऱ्यांचा पी.एफ. भरताना स्वतःचा भरला जातोय का ते बघायचं. तिचा स्वतःचा सात महिने भरलेलाच नव्हता.

फोन करणाऱ्या ताईंना आम्ही सांगितलं, आधी कोर्सची फी भरू नका. रविवारी गटाचं दफ्तर मुलीपुढं ठेवा आणि वर्षाचा ताळेबंद जुळवायला सांगा. कंटाळली तर तसं कळेल.

मागच्या आठवड्यात त्यांचा पुन्हा फोन आला. ताळेबंदात 270 रुपयांचा फरक येत होता. मुलगी दोन रात्री वह्या पसरून बसली, जेवायला हाक मारली तरी उठेना. मग म्हणाली, "आई, 270 ला 9 नं भाग जातो, म्हणजे कुठंतरी आकडे उलटे पडलेत." शोधत गेली तर ऑगस्टच्या परतफेडीत 630 चे 360 लिहिले गेले होते. लिहिणाऱ्या ताई स्वतः अध्यक्षबाईच होत्या, त्यामुळे बैठकीत जरा हसाहशी झाली.

ताईंनी आता विचारलं आहे, जी.डी.सी.ए.चा फॉर्म कधी निघतो?