विश्लेषण : दुष्काळ निवारणाच्या आराखड्यात दारूचा विषय का हवा?

पीक गेले की पंचनामा होतो, टँकर लागतो, अनुदान खात्यात येते. त्याच घरात वाढलेल्या दारूची नोंद मात्र कुठेच होत नाही. झालीच तर ती माणूस गेल्यानंतर होते आणि बहुतेक वेळा कुटुंबाच्या विरोधात जाते. जालना जिल्ह्यात हे दोन प्रश्न एकमेकांत कसे गुंतले आहेत, याविषयी...

जालन्यात आपत्ती किती नेहमीची?

१ मे १९८१ रोजी स्थापन झालेल्या या आठ तालुक्यांच्या जिल्ह्यात बहुतांश शेती पावसावर चालते. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना शहराची तहान भागवणारा निजामकालीन घाणेवाडी तलाव कोरडा पडला आणि मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. मोसंबीला फळ धरायलाच काही वर्षे जातात. त्यामुळे बाग गेली की एका हंगामाचे नव्हे, कित्येक वर्षांचे उत्पन्न जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये उलटे घडले. अतिवृष्टीने मराठवाड्यातला खरीप पाण्यात गेला, अंबड आणि घनसावंगीच्या गोदाकाठाला पुराचा फटका बसला. म्हणजे कधी पाणी नाही म्हणून, तर कधी जास्त झाले म्हणून, हात रिकामेच.

याचा दारूशी संबंध काय?

दुष्काळ कुणाला दारू पाजत नाही. चांगल्या पावसाच्या वर्षातही गुत्ते ओस पडत नाहीत. पण हाताला काम नाही, कर्जाचा तगादा आहे, रात्री झोप नाही, अशा वेळी गावातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जवळची गोष्ट बहुधा हातभट्टी किंवा देशीची बाटली असते. दुसरी बाजू पैशाच्या येण्याची. आपत्तीनंतरचे अनुदान, विम्याची रक्कम किंवा ऊसतोडीची उचल एकरकमी येते आणि सातबारा किंवा करार पुरुषाच्या नावे असल्याने त्याच्याच हाती पडते. ऊसतोडीत ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल तो घेतो, फेडतात मात्र दोघे. त्यातला काही भाग दारूत गेला, तर उरलेला हंगाम बाई फुकट राबते.

सरकारी कागदावर दारू कुठे दिसते?

पीक नुकसानीचे निकष काटेकोर आहेत. नुकसान ३३ टक्के किंवा जास्त हवे. राष्ट्रीय निकषांनुसार हेक्टरी जिरायतीला ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि फळबागेला २२,५०० रुपये. पंचनाम्यात माणसाच्या मनःस्थितीला रकाना नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने आपत्तीनंतरच्या मानसिक आधाराविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या त्या २००९ मध्ये, पण तलाठ्याच्या वहीपर्यंत त्या आल्या नाहीत.

दारू कागदावर येते ती शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात. २००६ च्या शासन निर्णयानुसार वारसांना एक लाख रुपये मिळतात. ३० हजार हाती, ७० हजार ठेवीत. त्यासाठी नापिकी, बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे थकलेले कर्ज, परतफेडीचा तगादा ही कारणे सिद्ध व्हावी लागतात. चौकशीत ‘व्यसन’ किंवा ‘घरगुती वाद’ असे कारण लिहिले गेले की प्रकरण अपात्र ठरू शकते. मृत्यूमागे कधीच एकच कारण नसते, हे कोणताही मानसोपचारतज्ज्ञ सांगेल. कर्ज आणि दारू ही कारणे एकाच घरात, एकाच वर्षी वाढतात. तरी कागदाला दोनांपैकी एक निवडावे लागते, आणि त्या निवडीची किंमत जो पीतच नव्हता तो भरतो, म्हणजे विधवा आणि मुले.

मग पाणलोटाच्या कामात नशाबंदी कशी आली?

गंमत अशी, की हा संबंध महाराष्ट्रातल्या गावांनी फार पूर्वी ओळखला होता. राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांच्या कामाची सुरुवात दारूभट्ट्या बंद करण्यापासून झाली, हिवरे बाजारनेही पाण्याबरोबर दारूचा प्रश्न हाती घेतला. १९९२ मध्ये सुरू झालेल्या आदर्श गाव योजनेच्या सूत्रांत श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी यांच्या पंक्तीत नशाबंदी आहे. कारण साधे आहे. बांध घालायला सकाळी माणसे हवीत, चराईबंदी पाळायची तर गावाचा शब्द टिकायला हवा. जालना तालुक्यातल्या कडवंचीत नव्वदच्या दशकात पाणलोटाचे काम झाले, पुढे शेततळी आणि द्राक्षबागा उभ्या राहिल्या आणि दुष्काळातही गाव तगून राहिले. पुढच्या सरकारी योजनांत मात्र खोदकामाची मोजमापे राहिली, गावाने एकत्र येऊन पाळायच्या बंदीचा भाग मागे पडला.

आडवी बाटली पुरेशी आहे का?

२००८ च्या आदेशानुसार २५ टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी मागणी केली, तर परवानाधारक दुकानासाठी गुप्त मतदान होते. ‘आडवी बाटली’ला ५० टक्क्यांहून अधिक मते पडली की दुकान बंद. ही टक्केवारी झालेल्या मतदानाची नव्हे, यादीतल्या मतदारांची असते. ऊसतोडीला गेलेली बाई गैरहजर, म्हणजे तिचे मत उभ्या बाटलीला गेल्यासारखेच. त्यामुळे असे मतदान दिवाळीनंतर ठेवणे म्हणजे निकाल आधीच ठरवणे. शिवाय हातभट्टीला परवाना नसतो, त्यामुळे मतदानही नसते. २०१६ च्या कायदादुरुस्तीने ग्रामरक्षक दलांची सोय केली ती त्यासाठीच. चंद्रपूरची जिल्हाबंदी २०१५ मध्ये आली आणि अवैध दारूचे कारण देत २०२१ मध्ये उठली.

जगात असे कुठे घडते आहे?

पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनने २०१४ ची इबोलाची साथ सोसली, २०१७ मध्ये फ्रीटाऊनजवळ दरड कोसळून शेकडो माणसे गेली. एप्रिल २०२४ मध्ये त्याच देशाला ‘कुश’ या नशेमुळे राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करावी लागली. यात आपलाही धागा आहे. घाना, नायजेरियाच्या रस्त्यांवर विकल्या जाणाऱ्या टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉलच्या गोळ्या महाराष्ट्रातूनही जात असल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये उघड झाले आणि केंद्राने या मिश्रणाच्या निर्यातीची परवानगी मागे घेतली.

उपचार कुठे मिळतात?

२०१९ च्या केंद्र सरकारच्या सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या सुमारे ३८ जणांपैकी एकालाच काही उपचार मिळतात. राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत. जालन्यात पाचवे मंजूर आहे. रोज पिणाऱ्याने एकदम सोडल्यास दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणे, फिट येणे, भास होणे असा त्रास होऊ शकतो. ते नाटक नसते, जिवावर बेतू शकते, म्हणून कोंडून ठेवण्याऐवजी जिल्हा रुग्णालय गाठावे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आधारासाठी टेलिमानसचा १४४१६ हे क्रमांक विनाशुल्क आहेत. फोन पिणाऱ्यानेच करायला हवा असे नाही, घरचेही करू शकतात.