विंगर : घडवावा की विकत घ्यावा?

१८९५ साली उत्तर इंग्लंडमधील हडर्सफील्ड येथे काही रग्बी संघांचे प्रतिनिधी एकत्र जमले आणि मूळ संघटनेतून बाहेर पडले. गिरण्यांत व खाणींत राबणारा खेळाडू सामन्यासाठी रजा घेई, तेव्हा त्याची मजुरी बुडे. ती भरून द्यावी की नाही, हा वादाचा मुद्दा होता. या फुटीतूनच पुढे तेरा खेळाडूंची ‘रग्बी लीग’ आकारास आली. पैशाचा प्रश्न या खेळास असा जन्मापासूनच चिकटलेला आहे, आणि विंगरच्या बाबतीत तो विशेष तीव्रतेने उभा राहतो.

मैदानाच्या दोन्ही कडांना धावणारे दोन खेळाडू म्हणजे विंगर. प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवून ‘ट्राय’ मिळविणे हे त्यांचे मुख्य काम. वेग हा त्यांचा प्रधान गुण आणि तो बहुतांशी उपजत. तेव्हा तो तयारच विकत घ्यावा, असे वाटणे स्वाभाविक होय. विगन संघाने १९५३ साली कार्डिफच्या बिली बॉस्टनला ३००० पौंड देऊन आणले. त्याने विगनसाठी ४७८ ट्राय केल्या. १९९२ साली याच संघाने मार्टिन ऑफायासाठी विडनेस संघाला ४,४०,००० पौंड मोजले. बॉस्टन आणि ऑफाया हे दोघेही मूळचे रग्बी युनियनचे खेळाडू. युनियन हा तेव्हा हौशी खेळ असल्यामुळे पैसे देणाऱ्या लीगकडे असे खेळाडू वळत.

१९९५ साली युनियननेही व्यावसायिकता स्वीकारली आणि वारे फिरले. किशोरवयातच विगनमध्ये येऊन तेथेच तयार झालेला जेसन रॉबिन्सन २००० साली युनियनकडे गेला. २००३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडसाठी ट्राय करणारा तोच. घडविण्यातही धोका असतो, तो हा : पीक एकाने काढावे आणि धान्य दुसऱ्याच्या कोठारात जावे.

तथापि खेळाचे स्वरूपही पालटले आहे. सहाव्यांदा पकडले गेल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो; म्हणून त्याआधीच तो उंच टोलवून कोपऱ्याकडे धाडतात. तेथे उडी घेऊन तो झेलणे, आणि आपल्याच रेषेजवळून तो घेऊन प्रतिपक्षाच्या भिंतीवर धडकणे, हे आता विंगरचे नित्याचे काम आहे. बचावात शेजारच्या ‘सेंटर’ने आत वळावे की बाहेर, याचा अंदाज क्षणार्धात घ्यावा लागतो. कबड्डीतील कोपरारक्षक व त्याचा जोडीदार यांची साखळी जशी वर्षानुवर्षांच्या सरावाने जमते, तशीच ही जोडी जमते. हे कसब बाजारात मिळत नाही.

सेंट हेलेन्सच्या युवक प्रशिक्षणातून आलेला टॉमी मेकिन्सन याचे उत्तम उदाहरण. २०११ साली त्याने पहिल्या संघात पदार्पण केले. २०१८ साली त्यास ‘गोल्डन बूट’ हा सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय खेळाडूचा पुरस्कार मिळाला. २०१९ ते २०२२ या सलग चार वर्षी सेंट हेलेन्सने अजिंक्यपद मिळविले, तेव्हा तो त्याच संघात होता.

मात्र यावरून खरेदी सर्वस्वी व्यर्थ ठरत नाही. बॉस्टन विगनला आला तो विशीच्या आतच. लीगचा खेळ तो तेथेच शिकला आणि १९६८ पर्यंत तेथेच राहिला. म्हणजे विकत घेतलेला खेळाडूही अखेर घडवावाच लागला. वेतनखर्चावर मर्यादा असलेल्या आजच्या काळात एका विंगरवर उधळलेला पैसा दुसऱ्या जागी उणा पडतो. म्हणून शहाणा संघ वेगाची किंमत देताना हात आखडता घेतो आणि शिकवणीसाठी तो मोकळा ठेवतो.