सातबाऱ्याची राखण

पाटणच्या शेतकऱ्याचा सातबारा आता सरकारी संगणकात असतो. त्या संगणकाची राखण कोण करतो?

सरकारी संगणकांची राखण किती कच्ची असू शकते, हे अमेरिकेत दिसले. प्राध्यापक डोनाल्ड नॉरिस यांनी सहकाऱ्यांसह २०१६ मध्ये तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थांची पाहणी केली. आपल्यावर सायबर हल्ले किती होतात, हेच अनेकांना सांगता आले नाही! पैसा आणि जाणकार माणसे, दोन्ही तोकडी.

आपल्याकडे मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळावर (एमआयडीसी) रॅन्समवेअर हल्ला झाला. अशा हल्ल्यात माहितीला कुलूप लावून खंडणी मागतात. मुंबईच्या मुख्यालयासह प्रादेशिक कार्यालयांचेही काम खोळंबले. एवढ्या मोठ्या महामंडळाची ही गत, तर छोट्या नगरपंचायतीचे काय?

२०२२ पासून अशी घटना सहा तासांत ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवणे बंधनकारक आहे. पण नुसते कळवून भागणार नाही; नगरपंचायतींनी आपल्या नोंदींची एक प्रत इंटरनेटपासून तोडून ठेवायलाच हवी.