अनंत पिवळा कां पडतो?

कोंकणांतील घराच्या मागील दारीं वाढलेला अनंत ज्यांनीं पाहिला असेल, त्यांस या झाडाची निगा राखावी लागते हें सांगूनही खरें वाटणार नाहीं. तोच अनंत घाटावर आणून लावला, कीं दोन-तीन वर्षांत पानें पिवळीं पडतात, कळ्या गळतात आणि झाड खंगत जातें. असा एक अनंत मीं स्वतःच्या हातानें घालविला आहे. पानें पिवळीं दिसतांच मीं पाणी वाढविलें. तेवढ्यानें भागेना म्हणून चुलीची राख घातली. दोन्ही उपाय उलटे होते. ते उलटे कसे, हें समजलें म्हणजे निम्मी निगा समजली.

अनंत हें मूळचें चीन-जपानकडील झुडूप; कॉफी, कदंब व मंजिष्ठ यांच्या कुळांतलें. १७६१ सालीं जॉन एलिस यांनीं अमेरिकेंतील डॉक्टर अलेक्झांडर गार्डन यांच्या नांवावरून यास 'गार्डेनिया' हें शास्त्रीय नांव दिलें. या झाडास आम्लधर्मी माती मानवते. कोंकणांतील जांभ्याची तांबडी माती तशीच असते. देशावरील काळ्या जमिनींत मात्र चुनखडीचा अंश असतो, व विहिरीच्या पाण्यांतही पुष्कळदां चुना असतो. अशा जमिनींत लोह असूनही विरघळत नाहीं, आणि लोहावांचून पानांत हिरवा रंग तयार होत नाहीं. राख ही चुन्याप्रमाणेंच आम्लता मारणारी. म्हणजे मीं रोगालाच खत घातलें!

तेव्हां पान पिवळें दिसतांच घाबरूं नये. कोणतें पान पिवळें झालें तें आधीं पाहावें. शेंड्याचीं कोंवळीं पानें पिवळीं आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असतील, तर ती लोहाची उणीव होय. तळाचीं दोन-चार जुनीं पानें पिवळीं होऊन गळालीं, तर तें बहुधा वार्धक्य. त्याची चिंता नको. माती ओली असून सारें झाड मलूल दिसलें, तर मुळें कुजत आहेत असें समजावें व पाणी तोडावें. मुळांना हवा मिळाली नाहीं, तर भोंवतीं पाणी असूनही झाड तहानलेलेंच राहतें.

लोहाच्या उणिवेवर तातडीचा उपाय असा : एक लिटर पाण्यांत ५ ग्रॅम हिराकस व १ ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून संध्याकाळीं पानांवर फवारावें. यानें आहेत तीं पानें सुधारतील. पुढें येणाऱ्या पानांस मात्र त्याचा लाभ होत नाहीं. म्हणून खरा उपाय मातींतच करावयाचा. काळ्या जमिनीच्या गांवीं अनंत मोठ्या कुंडींत लावावा. दोन भाग तांबडी माती, एक भाग कुजलेला पालापाचोळा व एक भाग जाडी वाळू घ्यावी, आणि कुंडीच्या तळाचें भोंक मोकळें राखावें. पावसाचें पाणी सांठवितां आलें, तर त्याहून उत्तम पाणी नाहीं. बोटभर खोल माती कोरडी लागेल तेव्हांच पाणी द्यावें.

कळ्या गळण्याचें कारण बहुधा अनियमितपणा असतें. एक दिवस कोरडें, दुसऱ्या दिवशीं चिखल. आज येथें कुंडी, उद्यां तेथें. हें या झाडास सोसत नाहीं. सकाळचें ऊन व दुपारची सांवली मिळेल अशी जागा एकदां ठरवावी, आणि कळ्या धरल्यावर कुंडी हलवूं नये.

पानांवर काजळी दिसली, तर ती पुसून भागत नाहीं. पिठ्या ढेकूण, खवले कीड किंवा पांढरी माशी पानांतील रस शोषून चिकट गोड द्रव टाकते, व त्यावर ती काळी बुरशी वाढते. मुंग्यांची रांग दिसली कीं कीड जवळच आहे असें ओळखावें. सौम्य साबणाच्या पाण्यानें पानांची खालची बाजू धुवावी, व आठवड्यानें पुन्हा धुवावी.

छाटणी बहर संपतांच करावी. उशीर केल्यास पुढील कळ्याच कापल्या जातात. छाटलेल्या कोंवळ्या-जून फांद्यांचे वीतभर तुकडे पावसाळ्यांत लावले, तर त्यांस मुळें फुटतात.

माझा दुसरा अनंत अशाच एका फांदीपासून झाला आहे. त्याचें पान पिवळें दिसलें, तर आतां हात पाण्याच्या झारीकडे जात नाहीं. आधीं मातीकडे जातो.