उसातले आम्ल आणि चेहऱ्याची कातडी

इंदापूर तालुक्यातील कळसच्या परिसरात ऊस खाल्ला नाही असा मुलगा सापडणे कठीण! उसाच्या रसात साखरेबरोबर अगदी अल्प प्रमाणात ग्लायकॉलिक आम्लही असते. मुरुमांचे डाग कमी करण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ 'केमिकल पील' हा उपचार करतात, त्यात हे आम्ल वापरतात. मात्र ते उसातून न काढता कारखान्यात तयार करतात.

'पील' म्हणजे सोलणे. मग बटाट्यासारखी कातडी सोलायची की काय? तसे नव्हे. आपल्या बाह्यत्वचेच्या तळाशी सतत नव्या पेशी जन्मतात. वर सरकता सरकता त्या मरतात, चपट्या होतात आणि सुमारे चार आठवड्यांनी गळून पडतात. मृत पेशी एकमेकींना प्रथिनांच्या बंधांनी जोडलेल्या असतात. आम्ल हे बंध सैल करते. वरचा थर लवकर गळतो आणि खालच्या पेशी वर येतात. ग्लायकॉलिक आम्लाच्या रेणूत कार्बनचे दोनच अणू असतात. रेणू लहान, म्हणून तो त्वचेत चटकन शिरतो. अशी आम्ले जाड, खवलेदार त्वचा मऊ करतात, हे अमेरिकेत व्हॅन स्कॉट आणि यू या शास्त्रज्ञांनी १९७४ साली दाखवून दिले.

मग घरीच लिंबू चोळले तर? थांबा! त्वचेचा सामू सुमारे ५, तर लिंबाच्या रसाचा सुमारे २ असतो. सामू एका अंकाने उतरला की आम्लता दसपट वाढते. म्हणजे येथे हजारपट! शिवाय लिंबू लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजून फोड येऊ शकतात. आपल्या सावळ्या त्वचेला इजा झाली की तेथे मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त तयार होते. डाग घालवायला जावे आणि नवा डाग महिनोन्‌महिने राहावा!

डॉक्टर आम्लाची तीव्रता ठरवतात, घड्याळ लावून मिनिटे मोजतात आणि वेळ संपताच सोड्याच्या द्रावणाने आम्ल निष्प्रभ करतात. पुढे काही दिवस ऊन टाळायला सांगतात. औषध आणि इजा यांत फरक असतो तो या मोजमापाचाच.

हे निष्प्रभ करणे तुम्हालाही पाहता येईल. लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात टाकून पाणी गाळून घ्या. त्यात लिंबाचे काही थेंब टाका. पाणी गडद गुलाबी होईल. आता चिमूटचिमूट खाण्याचा सोडा घाला. फसफसून रंग पालटू लागेल. किती चिमटी लागल्या, ते वहीत नोंदवा. प्रयोग मात्र पेल्यातच करायचा, चेहऱ्यावर नाही!